श्वानांची जात आणि बाजाराची रीत

केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना परिपत्रक पाठवून पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींच्या कुत्र्यांच्या विक्रीस व पैदाशीस परवाने देऊ नयेत, असे कळविले. संबंधितांशी विचारविनिमय न करताच ते काढले गेले, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द ठरविले. कोणती जात धोकादायक, या गदारोळात कोणती जात कोणत्या घरात सुखाने नांदेल, हा अधिक मोलाचा प्रश्न मात्र मागे राहिला.

जात म्हणजे विशिष्ट काम व हवामान यांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून घडविलेला प्राणी. सायबेरियातील चुक्ची लोकांनी बर्फावरील गाड्या ओढण्यासाठी हस्की घडविला. न्यूफाउंडलंडच्या थंड किनाऱ्यावरील कोळ्यांच्या कुत्र्यांपासून लॅब्राडॉर उतरला. जर्मनीतील डोबरमान नावाच्या कर गोळा करणाऱ्या गृहस्थाने आपल्या रक्षणासाठी जो कुत्रा पैदा केला, तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. या सर्वांत काम मुख्य होते, रूप आनुषंगिक. आजच्या बाजाराने हा क्रम नेमका उलटा केला आहे.

माहुलच्या पुनर्वसन वसाहतीतील घर अवघे २२५ चौरस फुटांचे. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. तेथील हवेची राष्ट्रीय हरित लवादाला २०१५ साली दखल घ्यावी लागली. प्रस्तुत लेखकाच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी महिन्याच्या पगाराएवढी रक्कम मोजून येथे हस्कीचे पिल्लू आणले. आईपासून फार लवकर तोडलेले ते पिल्लू वैशाखाच्या उकाड्यात पंधरा दिवसही जगले नाही. लहान घरातील माणसाने हौस करू नये, असे कोण म्हणेल? परंतु त्या हौसेची फसवणूक होऊ नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. चपट्या नाकाच्या पगची कथाही निराळी नाही. मुळातच श्वासासाठी झगडणाऱ्या या जातीला आपल्याकडे २००३ सालच्या एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने लोकप्रिय केले. नेदरलँड्सने मात्र अतिआखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध घातले आहेत.

विक्रेत्याला मालाचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. अशा बाजारात चांगला माल हळूहळू हद्दपार होतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. कुत्र्यांच्या बाजाराला ते तंतोतंत लागू पडते. त्यावर उपाय म्हणून २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. अठरा महिन्यांच्या आतील मादीपासून पैदास करता येत नाही. नियम चांगले आहेत. पण नोंदणी क्रमांक विचारणारा ग्राहकच नसेल, तर ते कागदावरच राहणार.

मग देशी जातींकडे वळावे काय? महाराष्ट्राचा कारवानी आणि त्याचाच सगोत्र असा मुधोळ हे आपले भूषण होत. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या या जातीवर २००५ साली टपाल तिकीटही निघाले. तथापि तो माळरानावर सशामागे धावणारा शिकारी कुत्रा. मोकळे रान नसलेल्या घरात त्यालाही कोंडू नये. स्वदेशीचा अभिमान म्हणजे योग्यतेची हमी नव्हे.

मुंबईच्या दमट हवेला जुळलेला कुत्रा आपल्याच गल्लीत आहे. आखूड केसांचा, काटक, मिळेल त्यावर गुजराण करणारा हा गावठी कुत्रा कोणत्याही कारखान्यात घडलेला नाही. येथील हवामानानेच त्याची निवड केली आहे. त्याचे पिल्लू विकत घ्यावे लागत नाही; वेळेवर लस, नसबंदी आणि रोजचा फेरफटका एवढाच त्याचा खर्च. बाजारात त्याला किंमत नाही, म्हणून आपण त्याला कमअस्सल समजतो. किंमत आणि मूल्य यांतील हा फरक अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकविला जातो. घरी कुत्रा आणताना तेवढा आठवला तरी पुष्कळ झाले.