टॉमी गन कुणाची?

१० जुलै आपल्या शहरात कुणाच्या लक्षात राहावा, असं वरवर पाहता काही कारण नाही. १९४४ साली या दिवशी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, नाईक यशवंत घाडगे हा बावीस वर्षांचा मराठी जवान धारातीर्थी पडला. त्याच्या हातात टॉमी गन होती. या बंदुकीचं नाव आज छत्रपती संभाजीनगरातल्या आठवीतल्या पोराला ठाऊक आहे, घाडगेंचं नाही. इतिहास शिकवण्यात उमर घालवलेल्या माझ्यासारख्या निवृत्त मास्तराला ही गोष्ट सलते.

टीव्ही सेंटरजवळच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी पोरं मोबाइल आडवा धरून बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळत बसलेली असतात. त्यांत माझे काही जुने विद्यार्थीही असतात. एकाला विचारलं, "टॉमी गन म्हणजे काय रे?" मान वर न करता त्यानं सांगितलं, "पॉइंट फोर फाइव्हची गोळी, सर. जवळून लई भारी, लांबून काही कामाची नाही. मॅगझिन तीसचं, एक्स्टेंडेड घातलं की पन्नास." वर्गात या पोराला पानिपतचं साल कधी धड सांगता आलं नव्हतं. इथे मात्र सगळं बरोबर होतं. पुढे विचारलं, "वापरली कुणी?" तो म्हणाला, "पिक्चरमध्ये माफिया लोकांकडं असती ना."

हेही खोटं नाही. त्या पोराला जे कळलंय ते कुणी शिकवलं, आणि जे कळलं नाही ते कुणी शिकवायचं राहिलं, एवढाच माझा प्रश्न आहे.

या बंदुकीची कुळकथा मोठी गमतीची आहे. जॉन टी. थॉम्पसन हा अमेरिकन सैन्याच्या शस्त्रास्त्र खात्यातला अधिकारी. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये लाखो माणसं अडकून मरत होती. एकट्या जवानाला हातात धरून चालवता येईल आणि खंदक झाडून काढेल, असं हत्यार त्याला हवं होतं. त्यासाठी १९१६ साली त्यानं ऑटो ऑर्डनन्स ही कंपनी काढली. पण बंदूक हाताशी येईतो १९१८चा नोव्हेंबर उजाडला आणि लढाईच संपली. युद्धासाठी जन्मलेली बंदूक शांततेच्या काळात विकायची कशी? कंपनीनं कोल्ट कारखान्याकडून १५,००० बंदुका बनवून घेतल्या आणि गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. त्या काळातली एक जाहिरात प्रसिद्ध आहे: कुरणावरच्या आपल्या घराच्या ओसरीत उभा असलेला काउबॉय चालून आलेल्या दरोडेखोरांवर टॉमी गन झाडतोय. किंमत सुमारे २०० डॉलर. शेतकऱ्याला काही ती परवडली नाही. सैन्यानंही फारशी घेतली नाही. १५,००० बंदुकांचा तो साठा १९३०चं दशक सरत आलं तरी संपला नव्हता.

गिऱ्हाईक मिळालं ते वेगळंच. अमेरिकेत दारूबंदी होती, शिकागोत चोरट्या दारूवर टोळ्या गबर झाल्या होत्या, आणि ही बंदूक दुकानात सरळ विकत मिळत होती. १४ फेब्रुवारी १९२९ला शिकागोतल्या एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि दोन टॉमी गननी त्यांना भाजून काढलं. मारेकऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पोलिसांचे गणवेश होते. वर्तमानपत्रांनी त्या गॅरेजची छायाचित्रं देशभर नेली. खुनी हाती लागले नाहीत, पण बंदुकीचं नाव झालं.

मग सिनेमा आला. तो नुकताच बोलू लागला होता, आणि या बंदुकीसारखा आवाज दुसऱ्या कशाचा नव्हता. १९३१ साली 'लिटल सीझर' आणि 'द पब्लिक एनिमी', १९३२ साली 'स्कारफेस'. प्रेक्षक गुंडाच्या मरणाला कमी आणि त्याच्या ऐटीला जास्त टाळ्या देऊ लागले, तेव्हा तिथल्या धुरिणांना घाम फुटला. १९३४ साली दोन गोष्टी घडल्या. सरकारनं अशा बंदुकांच्या खरेदीवर २०० डॉलर कर बसवला, म्हणजे कर बंदुकीच्या किमतीएवढा. आणि चित्रपटांवरची आचारसंहिता कडक झाली. निर्माते हुशार. 'पब्लिक एनिमी'त गुंड झालेल्या जेम्स कॅग्नीलाच त्यांनी पुढच्या वर्षी 'जी मेन'मध्ये सरकारी पोलीस केलं. गोळीबार तोच, फक्त आता कायद्याच्या नावानं.

तिसरा फेरा १९४०चा. जुलैच्या अखेरीस चर्चिल इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरची संरक्षणव्यवस्था पाहायला गेले असताना त्यांनी टॉमी गन हातात घेतली. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा सूट, तोंडात सिगार. छायाचित्र इतकं झकास आलं की ब्रिटिशांनी ते निर्धार म्हणून छापलं, आणि जर्मनांनी 'हा बघा शिकागोचा गुंड' म्हणून तेच पत्रकांवर घेतलं. बंदूक एक, फोटो एक. खाली मजकूर कोण लिहितो यावर सगळं.

पुढची यादी आपल्याला पाठ आहे. 'द गॉडफादर'मध्ये टोलनाक्यावर सनीच्या देहाची चाळण होते ती याच बंदुकीनं. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये टॉम हँक्सच्या हातात हीच. आपल्याकडे २०१५च्या 'बॉम्बे व्हेल्वेट'मध्ये रणबीर कपूरच्या हाती ती आली, तीही गुंडाचीच होऊन. आणि आता ती टीव्ही सेंटरच्या टपरीवर पोरांच्या मोबाइलमध्ये आहे. शंभर वर्षांत एवढं सातत्यानं काम मिळालेला नट दुसरा सापडणार नाही.

आता घाडगेंकडे येतो. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला हा गडी, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक. १० जुलैला त्यांच्या कंपनीनं शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगे ज्या तुकडीचे प्रमुख होते, तिच्यावर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतला एकूण एक जवान मेला किंवा जखमी झाला. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातगोळा टाकला. मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद. मग टॉमी गननं आणखी एकाला टिपलं. पुढे दोघं उरले होते, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. घाडगेंनी बंदूक नळीकडून धरली, दांडक्यासारखी उगारली आणि त्या दोघांना तिनंच मारलं. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांची ज्ञात कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव कोरलेलं आहे.

मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, या तपशिलापाशी जरा थांबा. सिनेमात दिसतं ते पन्नास गोळ्यांचं गोल डब्याचं मॅगझिन. ते जड, आणि चालताना खुळखुळ वाजायचं, म्हणून ब्रिटिश सैन्यानं ते बाजूला ठेवलं आणि वीस किंवा तीस गोळ्यांचं सरळ मॅगझिन घेतलं. ही बंदूक मिनिटाला सुमारे ७०० गोळ्या टाकते. म्हणजे घोडा दाबून धरला तर वीस गोळ्या दोन सेकंदांच्या आत संपतात, तीस तिसऱ्या सेकंदात. त्यानंतर हातात उरतं ते पाच किलोच्या आसपासचं लोखंड आणि लाकूड. गेममध्ये पोरगं भिंतीआड सरकतं, बटण दाबतं आणि मॅगझिन भरून घेतं. पडद्यावर तर मॅगझिन सहसा संपतच नाही. घाडगेंपुढे भिंत नव्हती.

टॉमी गनची दुसरी मराठी कहाणी नामदेव जाधवांची. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे, आपल्या शेजारचेच म्हणायचे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत शिपाई, कंपनीचे निरोप्ये. घाडगे आणि जाधव दोघंही नोव्हेंबर १९२१चे, एकमेकांहून दोनच दिवस लहानमोठे. ९ एप्रिल १९४५ला इटलीतच सेनिओ नदी ओलांडताना शत्रूच्या मशीनगननी त्यांच्या टोळीला घेरलं. जाधवांनी एका जखमी साथीदाराला उचलून खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे पोचवलं. मग परत जाऊन दुसऱ्या जखमीला आणलं. आणि मग तिसऱ्यांदा गेले ते लढायला. टॉमी गननं पहिला मोर्चा थंड केला, पण हाताला गोळी लागली आणि बंदूक चालवता येईना. त्यांनी ती फेकून दिली आणि हातगोळ्यांवर पुढचे दोन मोर्चे मारले. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या कंपन्यांना हात केला. ते जगले, १९८४ साली पुण्यात वारले.

म्हणजे जगातल्या सगळ्यात दिमाखदार बंदुकीच्या या दोन मराठी कहाण्यांमध्ये ऐन मोक्याला बंदूक कामाची उरलेली नाही. एकाची रिकामी झाली, दुसऱ्याला ती टाकून द्यावी लागली. सिनेमाचा सगळा डोलारा उलट समजुतीवर उभा आहे: हातात हत्यार आलं की माणूस मोठा होतो. या दोघांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रांचा अनुभव सांगतो की हत्यार संपल्यावर माणूस किती उरतो, ते बघायचं असतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि मराठवाड्यात तर जास्तच: ही इंग्रजांची लढाई, हे त्यांचे पगारी शिपाई, त्यांचं कौतुक आम्ही का करावं? आक्षेप हलका नाही. घाडगे पडले त्या जुलैत नेहरू आणि त्यांचे सहकारी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. म्हणजे नामदेव जाधव ज्या राजवटीसाठी लढत होते, तिनंच देशाचे पुढारी त्यांच्या जिल्ह्याच्या गावी कोंडून ठेवले होते. आम्ही तर निजामाची रयत. आमच्या घरी बंदुकीच्या गोष्टी निघायच्या त्या रझाकारांच्या, आणि बंदुकीच्या चुकीच्या टोकाला उभं राहिलेल्या माणसांच्या. माझी आई सांगायची, बातमी आली की बायका पोरांना घेऊन ज्वारीत जाऊन बसायच्या. सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय सैन्य औरंगाबादेत आलं, तेव्हा कुठे तो धाक सुटला. १७ सप्टेंबर हा आमचा दिवस आहे. ९ एप्रिल आणि १० जुलै नाहीत, हे मी समजू शकतो.

पण समजणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. समोर मुसोलिनीचा फॅसिझम आणि हिटलरची फौज होती. ती लढाई फक्त इंग्रजांची नव्हती. आणि शिपाई कुणाच्या झेंड्याखाली होता याचा हिशेब मांडायला इतिहासाचा तास आहेच की. किल्ल्यातले नेहरू आणि सेनिओच्या बांधावरचे जाधव एकाच फळ्यावर लिहा, पोरांना भांडू द्या. असा तास कोण विसरेल? हल्ली आपण एकतर एखाद्याला डोक्यावर घेतो, नाहीतर नावही काढत नाही. मधली जागा मोकळी पडली की ती गेमवाले भरतात.

इतरांनी आपापल्या परीनं केलं आहे. माणगावात घाडगेंचा पुतळा आहे आणि दर जानेवारीत त्यांच्या नावानं यात्रा भरते. इटलीतल्या मोंतोने या गावानं २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. आपल्या शहराकडे मागणं छोटं आहे, त्याला ना निधी लागतो ना भूमिपूजन. ही दोन मानपत्रं छोटी आहेत, वर्गात वाचायला दहा मिनिटं पुरतात. ती चांगल्या मराठीत करून नववीच्या इतिहासाच्या तासाला आणि एनसीसीच्या परेडला वाचावीत. आपल्याकडे अजिंठा-वेरूळच्या नावानं आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. त्यात एकदा 'स्कारफेस' दाखवावा आणि पडदा उजळल्यावर चर्चेला कुणी समीक्षक नव्हे, तर मराठा लाइट इन्फंट्रीतला एखादा निवृत्त सुभेदार बोलवावा. पोरं येतील. बंदुकीचं नाव ऐकूनच येतील, आणि त्यात काही वाईट नाही.

मी मोबाइल हिसकावून घेणाऱ्या मास्तरांपैकी नाही. टपरीवरच्या त्या पोराला मी घाडगेंचा प्रसंग सांगितला, तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, "सर, यावर पिक्चर का नाही काढत?" काढेल कुणीतरी, सध्या वीरकथांना भाव आहे. त्या निर्मात्याला माझी विनंती एवढीच. पार्श्वसंगीत काय ते ठेवा, घोषणा द्या, ढोल वाजवा. पण कृपा करून घाडगेंना दुसरं मॅगझिन देऊ नका.