पितृऋण आणि रुग्णसेवा

रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं आमच्या घरची लहानथोर मंडळी दूरचित्रवाणीपुढें बसते. सध्यां एका रुग्णालयाची मालिका चालू आहे. तींतील डॉक्टर रोग्यांचे प्राण वांचवितो आणि घरीं मात्र आईचा व पत्नीचा रोष ओढवून घेतो. परवां तो प्रसंग पाहतांना आमच्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "मामंजी, आपल्या घरींही हेंच चाललें आहे." त्यांची कन्या मुंबईस डॉक्टर आहे. यंदा आजीच्या वर्षश्राद्धास ती रुग्णांस सोडून येऊं शकली नाहीं, म्हणून आम्ही महिनाभर तिच्याशीं बोललों नव्हतों.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. सकाळीं फिरतां फिरतां भय्या चौकांत डॉ. द्वारकानाथ कोटणिसांच्या घरापाशीं आलों. तें घर आतां स्मारक झालें आहे.

कोटणिसांचा जन्म १९१० सालचा, सोलापूरचा. जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ राष्ट्रसभेनें १९३८ सालीं पांच डॉक्टरांचें पथक धाडिलें. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि आपले कोटणीसही. ते चीनमध्यें असतांनाच इकडे त्यांचे वडील वारले. शास्त्रानें सांगितलेलें पितृऋण या सुपुत्रास ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल? परंतु समोर जखमी सैनिक पडले होते. ते परतले नाहींत. पुढें डॉ. बेथून यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. १९४१ सालीं गुओ चिंगलान या परिचारिकेशीं त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टांत पुत्र झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांवरून त्याचें नांव यिनहुआ ठेविलें. त्याच वर्षीं ९ डिसेंबरला, अवघ्या ३२ व्या वर्षीं, अपस्मारानें कोटणिसांचा अंत झाला.

व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं त्यांच्यावर 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढिला व नायकाची भूमिकाही स्वतःच केली. त्याच्या अखेरीस विधवा पत्नी बाळासह सोलापूरच्या घरीं येते आणि प्रेक्षकांचे डोळे भरून येतात. प्रत्यक्षांत चिंगलानबाईंनीं संसार चीनमध्येंच केला. यिनहुआही वैद्यकाचें शिक्षण घेत होता. तो १९६७ सालीं ऐन तारुण्यांत गेला. कोटणिसांची समाधि आजही चीनमध्येंच आहे.

चित्रपटानें वा मालिकेनें ताटातूट शेवटीं भेटींत मिटवावी, हें योग्यच. परंतु ज्या घरचें माणूस खरोखर रुग्णसेवेस वाहिलेलें असतें, त्या घरीं कांहीं पाटांवर कोणी बसत नाहीं, कांहीं तिथि मुलांवांचून जातात. कोटणिसांच्या मातोश्रींनीं तें सोसलें. आणि आम्हांस एका दिवसाची अनुपस्थिति सोसली नाहीं!

घरीं येऊन आम्हीं नातीस पत्र लिहिलें. बोलणें आम्हीं टाकिलें होतें, तेव्हां आरंभही आम्हींच करणें उचित होतें.