क्रूझवरचा सूट आणि दासगावचा किनारा

मुंबईहून गोव्याकडे जाणारी क्रूझ रायगडचा किनारा डावीकडे ठेवून जाते. अनेक क्रूझ बोटींवर एखाद्या रात्री ‘फॉर्मल’ पोशाखाचा दंडक असतो. आपली शिकलेली मुलेही आता अशा सफरींना जातात. काही बांधव विचारतात, हा साहेबी थाट आपल्याला कशाला?

त्यांनी हाच किनारा आठवावा. डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरून महाडला गेले. 25 डिसेंबरला तेथे मनुस्मृती जाळली गेली. त्या ग्रंथाने चांडाळाला प्रेताची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले होते. त्याच वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना बजावले, जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत सोडा; वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ ठेवा.

तेव्हा बांधवांनो, सूट खुशाल घाला. पण त्यासाठी कर्ज काढू नका. इस्त्रीचा सदरा घालून बुफेच्या दालनात जेवा. आईला साडी आवडत असेल तर गाऊनची सक्ती नको. आणि ताट वाढणाऱ्याला त्याच्या गणवेशावरून हलका लेखू नका. वस्त्रावरून माणसाची पायरी ठरवणारी पोथी महाडला जळाली. बोटीवर ती पुन्हा उघडू नका.