मुक्या सोबत्याचा गुडघा

घरांतील माणूस लंगडूं लागलें कीं आपण तत्काळ वैद्याकडे धांवतों. पण कुत्रें किंवा मांजर लंगडूं लागलें, तर चार दिवसांत बरें होईल, असें म्हणून स्वस्थ बसतों. मुका प्राणी कण्हत नाहीं, म्हणून त्यास वेदना नाहींत, असा आपला समज असतो. गुडघ्याच्या बाबतींत हा समज फार महाग पडतो. म्हणून या खेपेस त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कुत्र्याचा गुडघा तें उभें असतांनाही वांकलेलाच असतो. शिवाय त्याच्या नडगीच्या हाडाचा माथा मागच्या बाजूस उतरता असून हा उतार साधारणपणें २५ अंशांच्या आसपास भरतो. त्यामुळें प्रत्येक पावलागणिक मांडीचें हाड त्या उतारावरून मागें घसरूं पाहतें. सांध्याच्या आंत फुलीसारखे एकमेकांस छेदणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांतील पुढचा बंध ही घसरण थोपवून धरतो. पुष्कळ कुत्र्यांत तो हळूहळू झिजत जातो व एखादे दिवशीं साध्या उडीनेंही तुटतो.

मोटारीचा धक्का बसला किंवा मांजर उंच गच्चीवरून पडलें, तर प्रकार याहून भयंकर असतो. आंतले व बाजूचे बंध एकदम तुटून सांधाच निखळतो. अशा वेळीं जाणता पशुवैद्य प्रथम छाती, पोट व मूत्राशय शाबूत आहेत ना, पंजांत रक्त खेळतें ना, हें पाहतो. जीव सांवरल्यावर मग शस्त्रक्रिया. तींत तुटलेले बंध शिवून, किंवा स्क्रू व मजबूत धागा यांच्या आधारानें नवे रचून, बहुधा बाहेरून बसविलेल्या धातूच्या चौकटीनें सांधा कांहीं आठवडे स्थिर ठेवतात.

केवळ पुढचा बंध तुटला असल्यास सांध्याबाहेरून जाड धागा ओवून हाडें आवळण्याची रीत आहे. अमेरिकेंतील शस्त्रवैद्य बार्क्ले स्लोकम यांनीं १९९३ सालीं निराळीच युक्ति प्रसिद्ध केली. तुटलेला बंध पुन्हा बांधण्यापेक्षां उतारच नाहींसा कां करूं नये, असा त्यांचा विचार. नडगीचें हाड वरच्या टोकाशीं गोलाकार करवतीनें कापावयाचें, कापलेला भाग फिरवून उतार सुमारें ५ अंशांवर आणावयाचा, व धातूच्या पट्टीनें तें जखडून टाकावयाचें. मोठ्या कुत्र्यांत ही शस्त्रक्रिया आज सर्वत्र होते. लहान कुत्रीं व मांजरें मात्र, हा एकच बंध तुटला असेल तर, पुष्कळदां विश्रांतीनें व वजन उतरविल्यानेंही चालूं लागतात.

शस्त्रवैद्याचें काम कांहीं तासांचें; घरच्यांचें आठ ते बारा आठवड्यांचें. तेवढे दिवस जिना नाहीं, उडी नाहीं, दोरीवांचून फिरणें नाहीं. तीन आठवड्यांत कुत्रें उत्साहानें शेपूट हालवूं लागतें, मुलांस दया येते व तें मोकळें सुटतें. पण हाड अजून जुळलेलें नसतें! ही दया नव्हे. हा उपचाराचा घात होय. तसेंच वेदना दिसल्या म्हणून घरांतील औषधांच्या डब्यांत हात घालूं नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊं शकते.

इतकें करूनही सांधा पूर्ववत् नवा होत नाहीं. थोडाबहुत संधिवात मागें उरतोच. क्वचित् सांधा कायमचा ताठ जोडावा लागतो, किंवा पायही काढावा लागतो. त्या प्रसंगीं आमच्या वाचकांनीं धीर सोडूं नये. तीन पायांचें मांजर लाजत नाहीं. तें पुन्हा खिडकींत जाऊन बसतें. लाज व हळहळ आपली असते, आणि तिच्यापायीं त्याचें आयुष्य संपविण्याची घाई करणें न्याय्य नव्हे.

एवढें लक्षांत ठेवावें: पाय मुळींच टेंकवत नसेल, किंवा उंचावरून पडणें वा धक्का लागणें घडलें असेल, तर त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा, नुसतें लंगडणें दोन दिवसांत न थांबल्यासही तेंच करावें. तेल चोळीत बसूं नये.