धास्ती, धसका आणि प्रश्नावली

मराठीत भीतीला शब्द पुष्कळ आहेत आणि ते सरसकट एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. धसका घेतला जातो तो बहुधा घडून गेलेल्या गोष्टीचा; धास्ती असते ती अजून न घडलेल्या गोष्टीची. 'पोरानं बापाचा धसका घेतलाय' म्हणणारी आई आणि 'पोराला परीक्षेची धास्ती आहे' म्हणणारी आई या दोघी दोन निराळ्या अवस्था सांगत असतात. मानसोपचारशास्त्रही या दोहोंत भेद करते, पण तो त्याला पुष्कळ परिभाषा खर्चून करावा लागतो. त्या दोघींपुढे जेव्हा 'तुमचे मूल वारंवार भयभीत असते का?' अशा धर्तीचा प्रश्न येतो, तेव्हा दोघीही 'होय' म्हणतात, किंवा 'भयभीत' हा शब्द कीर्तनाबाहेर कधी ऐकलेला नसल्यामुळे दोघीही गप्प राहतात. भाषेने केलेला भेद कागदावर उतरता उतरता पुसला जातो.

हे लिहिण्याचे निमित्त असे, की वस्त्यांत, खेड्यांत आणि सरकारी शाळांत जाऊन मुलांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करणारे संशोधन आपल्याकडे गेल्या तीन दशकांत लक्षणीय वाढले आहे. आम्ही भाषेचे अध्यापक. वैद्यकातले आम्हाला काही कळते असा आमचा दावा नाही. तथापि या संशोधनाचे कच्चे द्रव्य म्हणजे माणसांचे बोलणे होय, आणि बोलण्याविषयी बोलण्याचा अधिकार आम्ही सोडू इच्छित नाही.

गरज किती आहे हे निराळे सांगायला नको. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. (त्या सर्वेक्षणासाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे जाता जाता नोंदवून ठेवू.) तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ मिळणे आजही दुर्मीळच. त्यामुळे डॉक्टर नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकडून समुपदेशन करून घ्यायचे आणि त्याचा उपयोग होतो की नाही हे काटेकोर चाचणीने तपासायचे, असा एक मार्ग रूढ झाला. या मार्गावर गोव्यातील 'संगाथ' या संस्थेचे काम मोठे आहे. १९९६ साली विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती स्थापन केली, आणि तिचा आरंभच मुलांचा विकास व कुटुंबांना मार्गदर्शन या कामाने झाला.

पटेल गोव्यात येण्याआधी झिंबाब्वेत हरारेला काम करत होते. साहित्याच्या विद्यार्थ्याने हा तपशील लक्षात ठेवावा. तिथे शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा एक शब्द आहे; त्याचा अर्थ 'फार विचार करणे'. नैराश्याला प्रतिशब्द शोधत बसण्याऐवजी, लोक आपले दुःख ज्या शब्दांत सांगतात त्या शब्दांवरूनच तिथे एक शोना प्रश्नावली रचली गेली. पुढे डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने त्याच शहरात दवाखान्यांच्या आवारात बाक मांडले आणि त्यांवर आज्यांना बसवले. त्यांच्या उपचारपद्धतीच्या पायऱ्यांची नावेही शोनाच आहेत. पहिलीचा अर्थ 'मन उघडणे'. २०१६ साली या 'मैत्रीच्या बाका'च्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर कौतुक झाले ते आज्यांचे. आमच्या मते त्यातला निम्मा वाटा त्या शब्दांना जायला हवा होता.

आपल्याकडे काय होते? प्रश्नावली इंग्रजीत तयार असते. मुलांसाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी पंचवीस विधानांची प्रश्नावली रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. पालक, शिक्षक आणि स्वतः मूल यांनी प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक खूण करायची. ती उपयुक्त आहे, जगातल्या अनेक भाषांत गेली आहे, आणि तिच्यावर आमचा राग नाही. आमचा आक्षेप भाषांतराच्या रीतीवर आहे. अशा कामात एकाने इंग्रजीचे मराठी करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करायचे आणि मग दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवून ताडून पाहायचे, अशी पद्धत रूढ आहे. आमच्यापैकी एकाकडे असे एक काम एका संस्थेकडून आले होते, तीन दिवसांच्या मुदतीने. 'घुमं' हा शब्द त्याने सुचवला. तो ग्रामीण वाटतो म्हणून कापला गेला आणि जागी 'अंतर्मुख' आला. उलट भाषांतरात 'अंतर्मुख' बिनचूक परतला, 'घुमं' परतला नसता. या पद्धतीत इंग्रजी सुखरूप घरी पोचली की नाही एवढेच तपासले जाते. मधल्या मुक्कामी मराठी आईला काय समजले, हे नाही. खरे तर प्रत्येक विधान दहा-वीस आयांना वाचून दाखवून 'यातून तुम्हाला काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा' असे विचारण्याची रीतही या शास्त्रात आहे. वेळ आणि पैसा कमी पडला की पहिली कात्री तिलाच लागते.

आता एक चाचणी पाहा, कारण तिने आमचे म्हणणे आमच्याहून चांगल्या रीतीने मांडले आहे. 'संगाथ'ने 'प्राइड' या प्रकल्पात दिल्लीतील सहा सरकारी शाळांमधील २५१ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. काहींना समस्या सोडवण्याची रीत शिकवणाऱ्या पुस्तिका आणि जोडीला समुपदेशकाबरोबर थोड्या बैठका, काहींना नुसत्या पुस्तिका. परिणाम दोन मापांनी मोजला. एक, वर सांगितलेली पंचवीस विधानांची प्रश्नावली. दुसरे माप फार साधे: तुला छळणाऱ्या तीन अडचणी तुझ्या शब्दांत सांग आणि प्रत्येकीला शून्य ते दहा यांतला आकडा दे. सहा आठवड्यांनी पाहिले तेव्हा मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या अडचणी समुपदेशनाच्या गटात अधिक हलक्या झालेल्या होत्या. तयार प्रश्नावलीवर मात्र दोन गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. पुढे वर्षभराच्या पाठपुराव्यात दोन्ही मापांवर फरक नोंदवला गेला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण आधी हलला तो मुलाच्या शब्दांचा काटा. संशोधक याची कारणे संख्याशास्त्रात शोधतील, ते त्यांचे काम. आम्हाला मात्र हे अगदी स्वाभाविक वाटते. मूल ज्या दुःखाला नाव देते तेच हलके झालेले त्याला आधी कळणार. दुसऱ्याने नाव दिलेल्या दुःखाचे काय झाले हे त्याला कसे कळावे?

यावर एक उत्तर ठरलेले आहे: प्रत्येकाने आपापल्या शब्दांत सांगितले तर तुलना कशी करायची? नालंदा आणि नाशिक यांना एकच फूटपट्टी नको का? हवी. आम्ही फूटपट्टी मोडायला निघालेलो नाही. पण फूटपट्टीवरच्या खुणा ज्या भाषेत आहेत ती भाषा मोजल्या जाणाऱ्याला वाचता यावी, एवढा हट्ट अवाजवी नाही. आणि दोन्ही मापे एकत्र वापरता येतात हे याच प्रयोगाने दाखवले आहे.

नालंदाचे नाव वर सहज आलेले नाही. बिहारच्या त्या जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांमध्ये 'सेहर' नावाचा एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. नववीची १३ हजारांहून अधिक मुलेमुली त्यात होती. शाळांचे तीन गट होते. एका गटात बाहेरून नेमलेला प्रशिक्षित 'मित्र', दुसऱ्यात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे, तिसऱ्यात यांपैकी कोणीच नाही. कामे तरी कोणती? प्रार्थनेच्या वेळी चार शब्द बोलणे, स्पर्धा घेणे, भित्तिपत्रक चालवणे, मनातले लिहून टाकण्यासाठी एक पेटी ठेवणे, आणि ज्याला हवे त्याच्याशी एकट्याने बोलणे. बाहेरच्या 'मित्रां'च्या शाळांत वातावरण सुधारले, दांडगाई कमी झाली, नैराश्याची लक्षणे घटली. शिक्षकांच्या गटात काहीही झाले नाही.

शिक्षकांच्या खोलीत हा निष्कर्ष वाचून दाखवला की खुर्च्या सरकतात. कामाचा बोजा, जनगणना, निवडणुका ही कारणे खरी आहेत, आणि ती कुणी नाकारू नयेत. आमचे मत मात्र असे, की मूळ अडचण पेटीपाशी आहे. जो हस्ताक्षर ओळखतो, शुद्धलेखन तपासतो आणि वर्षअखेर गुण देतो, त्याच्या पेटीत चिठ्ठी कोण टाकणार? आम्ही वर्गात निबंध लिहवून घेतो आणि त्यात 'माझी आई' नेहमी पहाटे उठणारी, कष्टाळू, प्रेमळ असते. हे खोटे लेखन मुलांना आपणच शिकवलेले आहे. भित्तिपत्रक तर मराठी विभागाची जुनी मिरास. पण वार्षिक तपासणीच्या आदल्या आठवड्यात ते लागते आणि त्यात पावसाळा, गुरुमहिमा व पर्यावरण यांपलीकडे काही नसते. तीच वस्तू नालंदात उपचाराचा भाग होऊ शकली, कारण तिला कुणी गुण देत नव्हते.

महाराष्ट्रात भाषेचे भान ठेवून झालेले काम नाही असे नव्हे. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ४१ गावांत झालेल्या प्रकल्पाचे नावच 'आत्मीयता' आहे. गावातल्याच माणसांनी व्यसन, बेरोजगारी, घरातली भांडणे यांवरच्या छोट्या चित्रफिती मोबाइलवर दाखवायच्या आणि मग बोलते करायचे, अशी त्याची रीत. निदानाची नावे त्यात मागे राहतात. पुण्यात भार्गवी दावर यांनी उभ्या केलेल्या 'बापू ट्रस्ट'ने वस्त्यांमधून केलेल्या कामालाही 'सेहेर' असेच नाव होते. बिहारच्या प्रयोगाशी त्याचा संबंध नाही. पण मनाच्या कामाला दोघांनाही पहाटेचाच शब्द सुचावा, याची आम्हाला गंमत वाटते.

आणखी एक गोष्ट आम्हाला खुपते. ज्या कुटुंबांनी आपल्या घरातले बोलून दाखवले, त्यांच्यापर्यंत निष्कर्ष पोचत नाहीत. ते निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकांत राहतात. शाळेच्या सभेत, चार पानी मराठीत, 'तुम्ही हे सांगितलंत, त्यातून हे कळलं' असे सांगणे अवघड नाही. ते कुणाच्या अंदाजपत्रकात नसते, एवढेच.

मराठी विभाग यात काय करू शकतात, असा प्रश्न आम्हाला नेहमी केला जातो, बहुधा किंचित हसून. संशोधन समितीपुढे असा विषय नेला की 'यात साहित्य कुठे आहे?' असे विचारले जाते. अहिराणीवर, वऱ्हाडीवर प्रबंध झाले. लग्नगीतांचे, म्हणींचे संग्रह झाले. पण त्या बोलींत आई मुलाविषयी काळजी कशी व्यक्त करते, 'जिवाला घोर', 'जीव लागत नाही', 'उलघाल', 'पोटात गोळा' यांपैकी काय कधी म्हणते, आणि 'टेन्शन' या शब्दाने त्यांतल्या कुणाकुणाला गिळले, याची पद्धतशीर नोंद कुठल्या विद्यापीठाने घ्यायची? प्रश्नावली रचणाऱ्याला तीच नोंद लागते आणि ती देणे भाषेच्या अभ्यासकालाच शक्य आहे.

येत्या जूनपासून आमच्या विभागात एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी दोन विषय ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे. पहिला, आमच्याच तालुक्यातील पाच गावांत लहान मुलांच्या भीतीसाठी वापरले जाणारे शब्द, बोलणाऱ्याचे वय आणि प्रसंग यांसह. दुसरा, मुलांसाठीच्या प्रचलित मराठी प्रश्नावलींची भाषा, आयांना वाचून दाखवून तपासलेली. दोन विद्यार्थिनी तयार आहेत; दोघींच्याही आया अंगणवाडीत काम करतात, त्यामुळे शब्द कुठे ऐकायला जायचे हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. सहमार्गदर्शक म्हणून एखादा मानसोपचारतज्ज्ञ मिळावा अशी आमची इच्छा आहे. मानधन देता येणार नाही.