रस्त्यावरील फ्रेंच फ्राइज आणि आपला बटाटा

बटाटा पिकविणाऱ्या मनुष्यानें बटाट्याच्या खाद्यपदार्थाविषयीं तक्रार शेतीच्या मासिकांत मांडावी, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या मालावर आपला प्रपंच चालतो, तो गिऱ्हाइकाच्या तोंडांत पडेपर्यंत त्याचें काय होतें हें पाहणें, हा शेतीचाच भाग आहे असें माझें मत आहे. म्हणून गेलें वर्षभर ज्या पदार्थाच्या पाठीमागें मी लागलों होतों, त्याची हकीकत व तींतून निघणारा बोध वाचकांपुढें ठेवीत आहें.

निमित्त असें घडलें. फाल्गुनांत मंचरहून पुण्यास जातांना रस्त्याच्या कडेस एका हातगाडीपाशीं नातवानें मोटार थांबविली. गाडीवाल्यानें समोरच बटाटे सोलले, बोटाएवढे लांब काप केले, ते दोनदां तळले आणि मीठ भुरभुरून कागदांत घालून दिले. वरून खुसखुशीत, आंतून भुसभुशीत, रंग पिकल्या गव्हासारखा. नातू म्हणाला, "आजोबा, असे फ्राइज शहरांतल्या मोठ्या हॉटेलांतही मिळत नाहींत." बटाट्याचा इतका चांगला पदार्थ मींही पूर्वीं खाल्ला नव्हता.

आषाढांत पुन्हां त्याच गाडीवर गेलों. गाडी तीच, कढई तीच, हात तेच. फ्राइज मात्र काळपट, कडवट आणि लिबलिबीत. गाडीवाला खजील होऊन म्हणाला, "बाबा, तेल बदललं, आंच कमी करून पाहिली. पण तेलांत टाकतांच लाल होतात आणि आंतून कच्चे राहतात. हल्लीं बटाटाच असा येतोय."

पुढें जेथें जेथें जाणें झालें तेथें तेथें हा पदार्थ मागवून पाहण्याचा मला छंदच लागला. घाटांतल्या उपाहारगृहांत, ढाब्यांवर, एस. टी. स्थानकाबाहेरच्या गाड्यांवर; एका ठिकाणीं चांगले मिळावे आणि महिन्याभरानें तेथेंच वाईट मिळावे, असें वारंवार झालें. दिवाळीच्या सुटींत नातवंडांसह एका मोठ्या मनोरंजन-उद्यानांत गेलों. तेथें घरची शिदोरी आंत नेऊं देत नाहींत. एका पुड्याला जी किंमत पडली, तींत मंडईंतून कित्येक किलो बटाटा आला असता. काप एकसारखे लांब व पिवळे होते. पण गर्दीसाठीं आधींच तळून दिव्याखालीं ठेवल्यानें ओल्या सुतळीसारखे लोंबत होते. विचारलें तेव्हां वाढणारा मुलगा म्हणाला, "काका, हे गोठवलेलेच येतात, आम्ही फक्त तळतो." पिशवीवर कारखान्याचें ठिकाण गुजरातेंतील होतें. ज्या जिल्ह्यांत सातगांव पठारासारखा बटाट्याचा मुलूख आहे, त्या जिल्ह्यांतल्या पोरांना परप्रांतींचा बटाटा खावा लागावा, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली.

आतां हें असें कां होतें तें पाहूं. लोक आचाऱ्यास दोष देतात. उद्यानांतील दिव्याखालच्या फ्राइजपुरता तो दोष खरा आहे. कारण तळलेल्या कापांतील वाफ थोड्याच वेळांत बाहेरचें कवच मऊ करते. परंतु आषाढांतल्या त्या काळपट फ्राइजचा दोष कढईचा नाहीं. तो शेतांतून व शीतगृहांतून आलेला आहे.

फाल्गुनांत आपल्याकडे रब्बीचा बटाटा नुकताच निघालेला असतो. आषाढांत बाजारांत येणारा बटाटा बहुधा शीतगृहांतला असतो. बियाण्याचा व भाजीचा बटाटा कोंब येऊं नयेत म्हणून सामान्यतः २ ते ४ अंश सेल्सिअस तपमानांत ठेवतात. इतक्या थंडींत बटाट्यांतील पिष्टाची साखर होऊं लागते. अशा बटाट्याची भाजी किंचित् गोड लागते, एवढेंच. पण तोच तेलांत टाकला कीं ही साखर व बटाट्यांतील नत्रयुक्त द्रव्यें यांचा संयोग होऊन, आंतील भाग शिजण्यापूर्वींच वरचा भाग करपतो. त्याच क्रियेंत ॲक्रिलामाइड नांवाचें अपायकारक द्रव्य उत्पन्न होतें, असें स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं जाहीर केलें. म्हणून काळपट फ्राइज केवळ बेचव नव्हेत, आरोग्यासही बरे नव्हेत. तळण्यासाठीं राखावयाचा बटाटा १० ते १२ अंशांत ठेवून कोंबांचा बंदोबस्त निराळ्या उपायानें करावा लागतो. तेव्हां चांगल्या फ्राइजचें ठिकाण हुलकावणी देतें हा आपला भ्रम आहे. ठिकाण जागेवरच असतें. बदलतो तो बटाटा.

दुसरी गोष्ट जातीची. फ्राइजला लांबट, उथळ डोळ्यांचा आणि घन अंश भरपूर, म्हणजे शेंकडा वीस किंवा त्याहून अधिक, असलेला बटाटा लागतो. पाणी जास्त असलेला बटाटा तेल पितो व लिबलिबीत होतो. कुफरी पुखराज लवकर येतो व उतारा चांगला देतो, पण त्यांत घन अंश कमी असल्यामुळें तो या कामाचा नव्हे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनें चिप्ससाठीं कुफरी चिप्सोना आणि खास फ्राइजसाठीं कुफरी फ्रायसोना या जाती काढल्या आहेत. पण आपल्या मंडईंत बटाटा जातीनें कोठें ओळखला जातो? तेथें तो आग्रा, इंदूर, तळेगांव अशा गांवांच्या नांवांनीं आणि लहानमोठ्या आकारावर विकला जातो. गाडीवाल्यास काय मिळालें हें त्यास कळत नाहीं, आणि आपण काय दिलें हें आपणही त्यास सांगत नाहीं.

याच्या उलट बेल्जम देश पाहा. तेथें गांवोगांवच्या चौकांत फ्राइज विकणाऱ्या लहान टपऱ्या आहेत आणि त्यांचा त्या लोकांस मोठा अभिमान आहे. या पदार्थासाठीं तेथें पिढ्यान्‌पिढ्या नांव घेतलें गेलें तें 'बिंत्ये' या जातीचें. ही जात हॉलंडमधील एका शाळामास्तरानें विसाव्या शतकाच्या आरंभीं तयार केली आणि तिला आपल्या एका विद्यार्थिनीचें नांव दिलें. करप्यास ती फार लवकर बळी पडते, म्हणून अलीकडे तिची जागा इतर जाती घेत आहेत; पण बटाट्यास नांव असतें व तें विचारावें, ही संवय तिनें लोकांस लावली.

गुजरातचें उदाहरण तर शेजारचेंच आहे. १९९६ सालीं अमेरिकी धर्तीचीं उपाहारगृहें हिंदुस्थानांत आलीं, तेव्हां त्यांचे गोठवलेले फ्राइज परदेशांतून येत. आज मेहसाणा, बनासकांठा, साबरकांठा या भागांतील शेतकरी कारखान्यांसाठीं योग्य जाती लावतात आणि आपला देश फ्राइज निर्यात करतो. तेथील लांब हिवाळा आपणांस नाहीं, हें मी मान्य करतों. खरीपाच्या दमट हवेंतील बटाट्याकडून रब्बीच्या मालाची अपेक्षा करणेंही योग्य नाहीं. परंतु जें आपल्या हातीं आहे, तें तरी आपण करतों काय?

माझ्या अल्प अनुभवावरून चार सूचना करतों. पहिली, जास्त उताऱ्याच्या लोभानें नत्र बेसुमार देऊं नये, आणि काढणीपूर्वीं दहापंधरा दिवस पाणी तोडावें. यानें घन अंश टिकतो व साल पक्की होते. दुसरी, माल घरींच पारखावा. एक लिटर पाण्यांत सुमारें १२० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बटाटे सोडावे. बुडतील ते तळण्यास चांगले, तरंगतील ते भाजीस ठेवावे. तिसरी, शीतगृहांतून काढलेला बटाटा तळणाऱ्यास तत्काळ देऊं नये. दोनतीन आठवडे साध्या हवेंत, अंधाऱ्या जागीं राहिल्यास त्यांतील साखर पुष्कळशी कमी होते. चौथी व मुख्य, प्रत्येक पोत्यावर जात, काढणीचा महिना आणि साठवणीची रीत लिहावी.

यावर कोणी म्हणेल, "व्यापारी नांवाचे पैसे देत नाहीं, मग हा खटाटोप कशास?" आक्षेप खरा आहे. एकट्यादुकट्यानें पोत्यावर नांव घातल्यानें भाव चढणार नाहीं. पण एका गांवच्या दहा शेतकऱ्यांनीं मिळून रस्त्यावरच्या वीस गाडीवाल्यांस व उपाहारगृहांस सांगितल्याप्रमाणें माल नियमानें पुरविला, तर नांवाचें मोल तेच लोक देतील. कारण फसलेली कढई त्यांचेंच गिऱ्हाईक घालविते. मात्र कारखान्याशीं करार करणाऱ्यांनीं, बियाणें कोणाच्या मालकीचें आहे व नापसंत मालाचें काय होणार, हें लेखी घ्यावें. २०१९ सालीं गुजरातेंतील कांहीं शेतकऱ्यांवर चिप्सच्या एका जातीबद्दल कंपनीनें दावे लावले होते. ते पुढें मागें घेतले गेले, पण त्या शेतकऱ्यांस झालेला मनस्ताप आपण विसरूं नये.

गेल्या माघांत मीं त्या गाडीवाल्यास मीठपाण्यांत पारखलेलीं दोन पोतीं नेऊन दिलीं आणि जात व काढणीची तारीख खडूनें त्याच्या फळीवर लिहून ठेवली. पुढल्या खेपेस गेलों तों फळीवरचें तें लिखाण त्यानें पुसूं दिलें नव्हतें. मला पाहतांच म्हणाला, "बाबा, हाच बटाटा आषाढांत मिळेल काय?" या प्रश्नास माझ्याजवळ अद्याप उत्तर नाहीं. १० ते १२ अंशांचें कोठार एकट्या शेतकऱ्यास झेपणारें नाहीं. तें संघानेंच उभारावयास हवें. आपल्या संघाच्या येत्या सभेंत या गोष्टीचा विचार व्हावा, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतों.

— एक बटाटा-उत्पादक