कुमारांचा इतिहास आणि एक रुपया दंड

मराठीत कुमारांसाठी लिहिल्या जाणाऱ्या ऐतिहासिक कादंबरीबाबत आपल्या समीक्षेने दोन गृहीतके न तपासताच स्वीकारली आहेत. इतिहास म्हणजे राजकीय पराक्रमाचा इतिहास, हे पहिले. आणि कठीण काळ येतो तो बालनायकाच्या गुणांची परीक्षा पाहण्यासाठीच, हे दुसरे. या दोहोंतून सिद्ध होणारा नायक वयाने लहान असला तरी वाढत मात्र नाही. तो आरंभापासूनच पूर्ण असतो. संकट त्याच्या पूर्णतेची साक्ष देऊन निघून जाते.

रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' (१९६८) आणि शिवाजी सावंतांची 'छावा' (१९७९) या कादंबऱ्या प्रौढांसाठी लिहिलेल्या असल्या तरी कुमारवयातही मोठ्या आवडीने वाचल्या जातात. कोल्हापूर जिल्ह्यातील या दोन्ही लेखकांच्या सामर्थ्याविषयी येथे वाद नाही. वाद आहे तो त्यांचाच साचा लहान करून मुलांच्या हाती देणाऱ्या लेखनाशी.

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी घ्या. नावातील 'गड' एवढ्या आधारावर आपला कुमारकादंबरीकार तेथे बुरूज बांधील आणि एखादे गुराखी पोर हेर म्हणून धाडील. त्या पोराचा खरा इतिहास त्याला दिसणार नाही. १९१७ साली शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले; मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला. लगेच १९१८ साली पावसाने दगा दिला, महायुद्धाची महागाई होतीच, आणि इन्फ्लुएंझाच्या साथीने घरेच्या घरे आडवी केली. अशा वर्षी, बाप अंथरुणाला खिळलेल्या घरात, तो न्याय्य कायदा राबते दोन हात काढून नेणारा म्हणूनच प्रवेश करतो. अक्षराची ओढ आणि आईच्या डोक्यावरचा भार यांमध्ये सापडलेले मूल हे कादंबरीचेच द्रव्य आहे.

'मुलांना एवढे दुःख झेपत नाही' हा आक्षेप ठरलेला आहे. शत्रूची मुंडकी उडालेली ज्यांना झेपतात, त्यांना घरातले रिकामे मडके झेपू नये, हे विलक्षण आहे. 'अशाने शाहूंच्या कार्याला उणेपणा येईल' हा दुसरा आक्षेपही टिकत नाही. सुधारणेला कोणत्या दारिद्र्याशी झुंजावे लागले हे कळल्यावाचून तिचे मोल कळत नाही. संस्थानातल्याच कागल जहागिरीत १९३५ साली जन्मलेल्या आनंद यादवांच्या 'झोंबी'तील (१९८७) मुलाला त्या आज्ञेनंतर दोन दशकांहून अधिक काळ लोटल्यावरही शाळेसाठी बापाशी झगडावे लागते.

यावर कोणी म्हणेल, मग आत्मचरित्रात्मक लेखन हे काम करीतच आहे. येथेच खरी मेख आहे. गादी ऐतिहासिक कादंबरीकडे आणि दैन्य आत्मकथनाकडे, अशी वाटणी आपण करून टाकली. परंतु आत्मकथन लिहितो तो शेवटी शिकलेला मुलगा. १९१८ साली ज्याची पाटी कायमची सुटली, जी मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन शाळेच्या दाराशीच थांबली, त्यांनी काही लिहून ठेवलेले नाही. दप्तरात त्यांची नोंद सापडलीच, तर ती बहुधा गैरहजेरीची असेल. त्यांच्यासाठी कल्पिताखेरीज दुसरे साधन नाही. जी ऐतिहासिक कादंबरी या मुलांपर्यंत पोहोचत नाही, तिने आपण इतिहास सांगतो असा दावा कुमारांपुढे करू नये.